मोठीचा पान्हा

लग्नाआधी मी नवऱ्याला एकच प्रश्न खोदून खोदून विचारला होता, घरी संडास आहे ना? तो म्हणाला, आहे. खोटं नाही बोलला. संडास होता, घरापासून शंभर पावलं खाली, पण होता. म्हशी कुठे असतात हे मात्र मी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही आपण होऊन सांगितलं नाही.

म्हशी घरातच होत्या. एकच छप्पर, एकच दार. आत गेलं की डाव्या हाताला चूल, माणसं, भांडी आणि उजव्या हाताला कमरेएवढ्या फळ्यांच्या आडोशामागे चार म्हशी. मी पहिल्यांदा उंबरा ओलांडला तेव्हा डोळ्यांना काही दिसेना, बाहेर लख्ख ऊन होतं. तेवढ्यात माझ्या कानाशी कुणीतरी भलामोठा गरम उसासा टाकला. मी अशी किंचाळले की वाडीतली कुत्री भुंकायला लागली. नव्या नवरीचं सासरी हे पहिलं वाक्य. सासू पोट धरून हसली. म्हणाली, "मोठी हाय ती. वास घेतंय तुजा. घेऊ दे गो."

मी महाडची, बाजारपेठेत वाढलेली. आमच्या आईचं घर म्हणजे आरशासारखी फरशी, दिवसातून दोनदा पुसलेली, आणि दोनदा अंघोळ केलेली माणसं. नवरा एमआयडीसीतल्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन, मी तिथंच ऑफिसात कॉम्प्युटरवर. गाव कुठलं विचारलं की तो म्हणायचा, "पोलादपूरच्या पुढे, वर." आमच्याकडे वरच्या आळीला पण वर म्हणतात. त्याचं वर म्हणजे जीप जिथं थांबते तिथून दीड तास चढण, हे मला घाम पुसत पुसत कळलं. वाडी धनगरांची, अकरा घरं, सगळ्यांच्या म्हशी. यांचे आजे-पणजे गवत असेल तिकडे गुरं घेऊन डोंगर बदलत. आता जागा बदलत नाहीत, पण पोरं मुंबईला असतात आणि म्हातारी माणसं अजून म्हशींच्याच वेळापत्रकावर जगतात. सकाळी दूध डोक्यावर घेऊन खाली उतरायचं, हॉटेलांना घालायचं, परत चढायचं.

आईनं लग्नाला नाक मुरडलंच होतं. बोलणंही टाकलं होतं. टाकण्यापूर्वीचं तिचं शेवटचं वाक्य असं, "तू तिथं चार दिवस टिकायची नाहीस." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "एक अख्खा पावसाळा काढून दाखवते." जिभेला हाड नाही ते हे असं. नवरा महाडच्या खोलीवर राहिला, ड्यूटी होती त्याची, शनिवारी यायचा. आणि मी, जिला खरं तर कुणी बोलावलंही नव्हतं, आषाढात बिनपगारी रजा टाकून, बॅग घेऊन वर गेले. ओढ्याला पाणी वाढलं की शनिवारीसुद्धा नवरा नाही. तळीये गावावर दरड कोसळल्यापासून आमच्याकडे जोराचा पाऊस लागला की सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. आई अबोला धरून होती, पण त्या दिवसांत शेजारणीकडून माझी खबर घ्यायची. मला ते नंतर समजलं.

पहिले पंधरा दिवस मी नुसती थक्क होत होते. झोपताना म्हशींचा रवंथ ऐकू यायचा. शेणाचा, धुराचा, दुधाचा वास केसांत बसायचा. मोबाईलला रेंज फक्त एका कातळावर, घरापासून चढून दहा मिनिटं. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, ते दिवसाला मोजून चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन म्हशींशी. आणि सासूला आत्या. आत्या उंच, काटक, तोंडानं फटकळ. मला वाटलं होतं ही बाई अस्वच्छ असणार. कसलं काय! पहाटे थंड पाण्यानं अंघोळ, केस चापूनचोपून, जमीन रोज सारवलेली, दुधाची पितळी चरवी घासून अशी की तोंड बघावं. मीच आपली उशिरा उठून तिच्या सारवणावर पाय उमटवायची आणि शिव्या खायची.

फक्त एक गोष्ट होती. गोठ्याच्या बाजूला खुंटीवर एक जुनं लुगडं लटकत असायचं. दूध काढायला बसताना आत्या ते अंगाभोवती गुंडाळून घ्यायची आणि झालं की परत खुंटीवर. त्याला वर्षानुवर्षं पाण्याचा थेंब लागला नव्हता. रंग कुठला ते सांगता येत नव्हतं, इतकं काळं आणि ताठ, खाली ठेवलं असतं तर उभं राहिलं असतं. मला त्याच्याजवळून जाताना मळमळायचं. एकदा न राहवून विचारलं, "आत्या, हे धुवत का नाही तुम्ही?" ती म्हणाली, "कामाचं हाय ते." मला वाटलं, कामाचा कपडा म्हणून मळकट ठेवलाय. पुढे विचारलं नाही. तिथंच चुकले.

आता मोठीबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. चार म्हशींत ही थोरली, म्हणून मोठी. मी यायच्या आधी, त्याच वर्षी व्याली आणि आठव्या दिवशी रेडकू गेलं. म्हैस म्हणजे नळ नाही, हे मला तिच्यामुळे कळलं. कास भरलेली असली तरी तिच्या मनात आलं तरच ती दूध खाली सोडते. त्याला पान्हा म्हणतात. रेडकू तोंड लावतं तेव्हा तिला पान्हा फुटतो, मग माणसानं दूध काढायचं. रेडकूच नाही म्हटल्यावर मोठीनं पान्हा चोरला. कुणालाच देईना. शेवटी आत्या तिच्याजवळ बसून राहिली, दोन दिवस, बडबडत, खाजवत, आणि मोठीनं तिला दिलं. तेव्हापासून फक्त आत्याला. मामांना नाही, वाडीतल्या दुसऱ्या कुणालाही नाही. बाकीच्या तिघी कुणालाही द्यायच्या, त्यांचं मामा बघायचे. पण आत्याचा जीव मोठीत. मी कधी कधी म्हणायचे, मी सून आहे की ही? आत्या म्हणायची, "ती आदी आली हाय घरात."

श्रावणाच्या शेवटी एका सकाळी आत्या गवत कापायला उतारावर गेली आणि घसरली. मी चुलीशी होते. हाक आली ती ओरडण्याची नव्हती, साधी, "गो, जरा ये." गेले तर ती खाली दगडाला टेकून पडलेली, एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. माझी बोबडीच वळली. तिनं मात्र तोंडातून हूं की चूं काढलं नाही. वाडीतल्या माणसांनी बांबूला घोंगडी बांधली, तिला त्यात घातली आणि उचलली. तेवढ्यात तिनं माझा हात धरला. मला वाटलं, आता काहीतरी जिवाचं बोलेल. तर म्हणते, "मोठीला बग. कास भरून ऱ्हायली तर सड जातील तिचे. मग ती म्हैस नाय ऱ्हात, मांस ऱ्हातं." आणि त्या डोलीतून ती खाली गेली. मामा सोबत रस्त्यापर्यंत गेले, पुढे नवरा गाडी घेऊन येऊन महाडच्या हॉस्पिटलात नेणार होता.

घरात मी एकटी. आमच्या घरात एक खोड आहे, काही वाईट घडलं की आम्ही साफसफाई काढतो. आजोबा गेले तेव्हा आईनं सगळे डबे घासले होते. मी पण तशीच. भांडी घासली, वाकळी उन्हात टाकल्या, कोपरे झाडले. आणि मग ते खुंटीवरचं लुगडं दिसलं. म्हटलं, आत्या बरी होऊन येईल तर निदान हे तरी स्वच्छ मिळू दे बिचारीला. वहाळावर नेलं, पावडरचा अख्खा पुडा ओतला आणि दगडावर आपटायला लागले. अर्धा तास काळं पाणी वाहत होतं. आणि काय सांगू, त्या काळ्याखालून हिरवा रंग निघाला! लाल काठ! मला इतका आनंद झाला. करवंदीच्या जाळीवर वाळत घातलं आणि कौतुकानं बघत उभी राहिले.

मामा परत आले ते दूध काढायच्या वेळेलाच. जाळीवरचं लुगडं बघून थांबले.

"धुतलंस?"

"हो मामा. बघा ना, हिरवं निघालं!"

मामा तिथल्याच दगडावर मटकन बसले. मला वाटलं चढून दमले. मी पाणी आणायला वळले तर ते बोलायला लागले, आणि त्या दिवशी ते माझ्याशी जेवढं बोलले तेवढं आधीच्या दोन महिन्यांत बोलले नव्हते. म्हणाले, "तिचा वास व्हता त्यात. उन्हाळ्यात तिचा भाऊ वारला तवा ती माहेरी गेलती चार दिस. शेजारनीनं ते लुगडं गुंडाळलं, बसली, मोठीनं दिलं दूध. त्यासाठीच ठिवलं व्हतं ते. आपण नसलो तर कुनीबी गुंडाळावं म्हनून." मग थोडं थांबून, "तुज्यासाठीच म्हन ना."

दोन महिने ज्या कपड्याकडे बघून मी नाक दाबत होते तो त्या घरातला सगळ्यात जपून ठेवलेला कपडा होता, आणि मी तो अख्खा पुडा घालून धुतला होता. कर्म माझं! एवढी शिकलेली मी, एवढी तोंडाळ, "का" म्हणून दुसऱ्यांदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

तरी ओलंच लुगडं गुंडाळून मी मोठीजवळ बसले. तिनं मान वळवून वास घेतला, फुरफुरली, आणि चरवी अशी उडवली की ती चुलीपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच, संध्याकाळी तेच. मामांनी तिचे मागचे पाय दोरीनं बांधले आणि जबरदस्तीनं काढायला बसले, तर जेमतेम वाटीभर आलं. कास तट्ट फुगली, हात लावला तर गरम लागायची. मोठी वैरण खाईना. एका शेजारणीनं सुचवलं, खालून सुई आणा, टोचली की दूध येतं. मामा म्हणाले, "नाय." गरम पाण्यानं शेकत बसले.

तिसऱ्या दिवशी मी कातळावर जाऊन नवऱ्याला फोन लावला. तो रडकुंडीला आलेला. डॉक्टर म्हणत होते खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करावं लागेल, उशीर नको. आणि आत्या संमतीच्या कागदावर अंगठाच उठवायला तयार नाही. "म्हणते, मोठीनं दूध दिलं का ते आधी सांगा. नसेल दिलं तर मला तशीच वर न्या, मी बसून काढीन, मग कापा काय कापायचं ते."

मला एकदम सुचलं. मी ओरडलेच, "अरे, ती पडली तेव्हा अंगावर जे लुगडं होतं, ते कुठाय? त्याला तिचा वास असेल. ते पाठव वर!"

मग नवरा म्हणाला, "ते तुझ्या आईनं नेलं धुवायला."

"कुणाच्या आईनं?"

"तुझ्या. कालपासून येतेय. डबा घेऊन. तुला सांगू नको म्हणाली. चिखल, रक्त लागलं होतं ना, म्हणून घरी नेलं. गरम पाण्यात, औषध टाकून, दोनदा धुतलं म्हणे. इस्त्री पण केली."

मी कातळावर बसले आणि हसत सुटले. आमच्या घराण्याला धुण्याचा रोगच आहे! हसता हसता रडायला कधी लागले ते कळलं नाही. जिच्याशी मी सहा महिने बोलले नव्हते ती बाई माझ्या सासूला डबा नेत होती, आणि तिथं जाऊन तिनं नेमकं तेच केलं होतं जे मी इथं केलं. खाली सावित्रीच्या काठानं महाड पसरलेलं दिसत होतं, धुक्यात अर्धं बुडालेलं. मला वाटलं, इथूनच जोरात हाक मारावी आईला.

नवऱ्यानं फोन आत्याच्या कानाला लावला. तिनं मी कशी आहे, पाऊस कसा आहे, काही विचारलं नाही. "दिलं का?"

मी म्हटलं, "दिलं."

"कुनाला?"

आणि मी, जी आयुष्यभर समोरच्याला टोचेल असं खरंच बोलत आली, सरळ खोटं बोलले. "मला. मला दिलं आत्या. तुमचं लुगडं गुंडाळलं, बसले, दिलं." मग ती म्हणाली, "बरं झालं." बस. आवाज एवढासा. मला वाटलं दुखत असेल. त्याच दिवशी तिनं अंगठा दिला आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

आता खोटं बोलले होते, ते खरं करणं भाग होतं. मी मामांना म्हटलं, काय करू सांगा. मरेन, पण करीन. मामांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. म्हणाले, "साबन सोड. तुला सुवासाचा साबन, डोक्याला सुवासाचं पानी. तिला भ्या वाटतं." झालं. साबण, शांपू, पावडर, क्रीम, सगळं बॅगेत गेलं. अंघोळ नुसत्या पाण्यानं. एक जुना गाऊन ठरवला, तोच घालून तिच्याजवळ बसायचं आणि तो धुवायचा नाही. मी! दिवसातून दोनदा कपडे बदलणारी मी!

सकाळ-संध्याकाळ नाही, दिवसभरच मी तिच्यापाशी. हातानं वैरण घालायची. कास आधी मामा शेकायचे, मग मी शेकायला लागले. तिच्या अंगावरच्या गोचिड्या काढायची, पहिली काढली तेव्हा उलटी झाली, पुढच्या काढताना गाणं म्हणत होते. तिच्याशी बोलायचे. काय बोलणार म्हशीशी? मी आईवरचा सगळा राग तिला सांगितला. ऑफिसातल्या बायकांच्या चहाड्या सांगितल्या. नवऱ्याला शिव्या घातल्या. ती कान हलवायची. एकदा तिनं जीभ बाहेर काढून माझा दंड चाटला. म्हशीची जीभ म्हणजे किसणी, सोलून निघाला दंड, पण मी हात मागे घेतला नाही.

आणि रोज कातळावर जाऊन खोटं. आज किती दिलं? चरवीभर आत्या. लाथ नाय ना मारली? छे, उलट मान टाकून उभी होती. मला इतकं तपशीलवार खोटं बोलता येतं हे मलाच माहीत नव्हतं. खाली येताना स्वतःचीच किळस यायची. कासेचा एक सड दगडासारखा झाला होता. मामा रोज दाबून बघायचे आणि पाणी तापवायला उठायचे.

कितवा दिवस होता ते आठवत नाही. पाऊस थोडा उघडला होता, दुपार कलत होती. मी सवयीनं बसले, कास चोळत होते, तोंडानं आत्यासारखं "हूंऽ हूंऽ" करत होते. आणि हाताखाली काहीतरी बदललं. कास सैल झाली, सड भरून आले. मोठीनं एक लांब श्वास सोडला. मी बोटं ओढली तर चर्रकन धार आली, चरवीत नाही, माझ्या तोंडावरच. "मामाऽऽ!" मी अशी बोंबलले की मामा कुऱ्हाड घेऊन आले, त्यांना वाटलं बिबट्या आला. मी दूध काढतेय, रडतेय, हसतेय, नाक पुसायला हात मोकळा नाही. मामा दारात उभे राहिले, बघितलं, आणि जाऊन चहा टाकला. त्या दिवसाचं दूध प्यायचं नव्हतं, कास खराब झालेली होती, ते आम्ही ओतून दिलं. पण मला काय, मला सोनं सापडल्यासारखं झालं होतं. दगड झालेला सडही आठवड्याभरात सुटला.

धावत कातळावर गेले. फोन लावला आणि मग लक्षात आलं, सांगणार काय? आत्याला मी हे केव्हाच सांगून बसले होते. माझ्या आयुष्यातली एवढी मोठी बातमी आणि ती कुणालाच नवी नव्हती. मी म्हटलं, "आज पण दिलं." ती म्हणाली, "हां."

आत्याचं हाड भरून यायला वेळ लागणार होता, चढण तर अजिबातच नको म्हणून सांगितलेलं. नवऱ्याच्या खोलीत दिवसभर बघणार कोण? तर माझी आई रिक्षा घेऊन गेली आणि तिला आमच्या घरी घेऊन आली. मी ऐकून गारच पडले. जिला माझं सासर नको होतं तिनं सासूच घरात आणून ठेवली. आईनं मग मला फोनही केला. "तू शहाणी असशील, पण तुझी सासू तुझ्यापेक्षा शहाणी आहे. माझ्या फरशीला नाव ठेवते." मग जरा गर्वानं, "रोज गरम पाण्यानं अंघोळ घालते तिला. चंदनाचा साबण आणलाय. अंग कसं मऊ झालंय बघ." मी म्हटलं, घाल गं बाई. माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. महिनाभर जे मी स्वतः भोगलं होतं ते सगळं डोक्यात असूनसुद्धा आलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

दसरा झाला, वाटा सुकल्या, तेव्हा आत्या वर आली. चार माणसांनी खुर्चीला बांबू बांधून आणली. मी वाटेवर धावत गेले. खुर्चीत एक गोरी, लहानखुरी म्हातारी बसलेली, केस फुलवून मागे सैल बांधलेले, इस्त्रीचं लुगडं. मी वाकले तर साबणाचा, पावडरचा, बामचा वास आला. तिला माझ्या माहेराचा वास येत होता. काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण काय ते तेव्हा उमगलं नाही. तिनं माझा गाऊन बघितला, केस बघितले. हसली. "काय गो ह्ये ध्यान!"

चहा घेतला नाही. वाडीतल्या बायका बघायला आल्या होत्या त्यांच्याशी बोलली नाही. "मोठीचा टाइम झाला," म्हणाली. जमिनीवर बसायचं नव्हतं म्हणून मामांनी लाकडी स्टूल दिलं. "माजं लुगडं दे." मी घडी करून ठेवलेलं ते हिरवं लुगडं पुढे केलं. तिनं उलटसुलट करून बघितलं. "हिरवं व्हतं व्हय ह्ये?" एवढंच. कुणी धुतलं विचारलं नाही. तेव्हाच तिला कळलं असणार, की मी त्या पहिल्या फोनवर खोटं बोलले आणि का बोलले.

ती मोठीजवळ बसली. "हूंऽ हूंऽ बाय माजी." कासेला हात लावला. मोठी दचकून बाजूला झाली. आत्यानं स्टूल सरकवलं, परत हात लावला. मोठीनं मान वळवून तिच्या खांद्याशी नाक नेलं, जोरात फुरफुरली आणि पाय झाडला. स्टूल हललं. आम्ही सगळे धावलो. आत्या म्हणाली, "ऱ्हावा." परत बोलायला लागली, खाजवायला लागली, तेच ते शब्द जे तिनं रेडकू गेलं तेव्हा म्हटले असतील. मोठी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

माझं डोकंच फिरलं. मी पुढे झाले आणि मोठीच्या पाठीवर फाडकन चापट मारली. "भवाने! ओळखत नाहीस? जिनं तुला..." आत्या माझ्यावर खेकसली, "मारू नको तिला! तिनं काय केलं?" मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली. हाड मोडलं तेव्हा न रडलेली, ऑपरेशनला न रडलेली ती बाई सगळ्यांच्या देखत रडायला लागली. "माजं आता हितं काय काम ऱ्हायलं गो?"

मी म्हटलं, काम कसं नाही, तुम्ही हात लावा, मी लावते, दोघी मिळून काढू. मी खाली बसले, मोठीनं लगेच पान्हा सोडला, हाताला कळलं मला. दोन धारा काढल्या आणि आत्याचा हात धरून माझ्या हाताखाली सडावर ठेवला. तिचा हात मऊ झाला होता, आईनं म्हटल्यासारखा. धार थांबली. आम्ही वाट बघितली. नाही आली. आत्यानं आपला हात आपणच काढून घेतला आणि त्या हिरव्या लुगड्याला पुसला.

"पीळ तू," ती म्हणाली. "मी नाय हात लावत."

"मी नाही काढणार आत्या."

"पीळ म्हनते ना. आनि नीट निपटून काड. सडात ठिवू नको, दुखंल तिला."

मी दूध काढायला लागले. ती स्टुलावर माझ्या पाठीमागे बसून धारांचा आवाज ऐकत होती. त्या संध्याकाळी मोठीनं चरवी भरली, मामांनी दुसरं भांडं आणून दिलं, तरी तिचं दूध संपेना.